हर्गेसाला वगळून स्वातंत्र्यदिन नाही

आज १ जुलै, सोमालियाचा स्वातंत्र्यदिन. मोगादिशूपासून नैरोबीच्या ईस्टलीपर्यंत आणि तिथून थेट अमेरिकेतल्या मिनियापोलिसपर्यंत, जिथे जिथे सोमाली माणूस पोटासाठी किंवा जिवासाठी जाऊन राहिला, तिथे आज पांढऱ्या ताऱ्याचा निळा झेंडा फडकेल. ज्यांचे सरकार १९९१मध्ये कोसळले आणि ज्यांची माणसे अल-शबाब या दहशतवादी संघटनेच्या हल्ल्यांत अजूनही मरतात, त्यांनी कसला उत्सव करायचा, असे दूरवरून विचारले जाते. हा प्रश्न निष्ठुर आहे. राज्य मोडले म्हणून ते उभारणाऱ्यांची इच्छा खोटी ठरत नाही.

एक भाषा आणि एक धर्म असलेला हा समाज ब्रिटन, इटली, फ्रान्स आणि इथिओपिया यांनी आपसांत वाटून घेतला होता. त्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोके म्हणजे विखुरलेले पाच सोमाली प्रदेश. त्यांतले दोनच एकत्र येऊ शकले. २६ जून १९६० रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातला उत्तर भाग स्वतंत्र झाला. १ जुलैला इटलीच्या कारभाराखालचा दक्षिण भाग मुक्त झाला आणि त्याच दिवशी उत्तरेने आपले पाच दिवसांचे स्वातंत्र्य आपखुशीने एकीच्या स्वाधीन केले. एवढा विश्वास टाकणारी राष्ट्रे इतिहासात फार नाहीत.

तो विश्वास काही काळ सार्थही ठरला. १९६७मध्ये पहिले अध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान निवडणूक हरले आणि शांतपणे पायउतार झाले. नवस्वतंत्र आफ्रिकेत तेव्हा हे अपूर्व होते. मुलांना शाळेत आधी हेच शिकवावे, असे आम्हाला वाटते. दोनच वर्षांनी अध्यक्ष शेर्मार्के यांची हत्या झाली आणि सियाद बर्रे यांच्या लष्कराने सत्ता बळकावली.

१९८८मध्ये बर्रे राजवटीच्या विमानांनी स्वतःच्याच देशातले, उत्तर भागातले हर्गेसा शहर बेचिराख केले. ही विमाने त्याच शहराच्या विमानतळावरून उडत होती. तसे एक मिग विमान आज हर्गेसाच्या भरचौकात स्मारक म्हणून उभे आहे. १८ मे १९९१ रोजी सोमालीलँडने, म्हणजे आज हर्गेसा राजधानी असलेल्या त्याच उत्तर भागाने, वेगळे होत असल्याचे जाहीर केले, ते या जखमेमुळे. तिथला मोठा राष्ट्रीय दिवस आता १८ मे हाच आहे. वेगळे होण्याच्या त्या निर्णयाला फुटीरपणा म्हणून हिणवणे म्हणजे मृतांचा अपमान आहे.

२०२०मध्ये सोमालियाचे तत्कालीन अध्यक्ष फर्माजो यांनी त्या अत्याचारांबद्दल माफी मागितली. ती गरजेची होती, पण पुरेशी नव्हती. सामूहिक कबरींतल्या माणसांची ओळख पटवणे, दोषींची जबाबदारी निश्चित करणे आणि हर्गेसाशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करणे हे काम शिल्लक आहे. पुन्हा एक व्हायचे की सख्ख्या शेजाऱ्यांसारखे राहायचे, हे सोमालींनी आपसांत ठरवावे. मोगादिशूने मात्र १९६०च्या एकीचा हवाला देताना १९८८चे नाव टाळू नये.