उसन्या करंटवर कारोबार चालत नाही

छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याची अर्धी दुकानदारी. भिवंडीहून कापडाची थाने आणणारा टेम्पो, पापडीच्या शुक्रवार बाजारात माल उतरवणारी व्हॅन, वेल्डरची किंवा सुताराची हत्यारे वाहणारी तीनचाकी, या सर्वांचे काम सकाळी एका किल्लीवर सुरू होते. किल्ली फिरवली आणि नुसता 'टक' असा आवाज आला, की दिवसाची कमाई, गिऱ्हाईकाला दिलेली जबान आणि बाजारातली बसायची जागा, तिन्ही धोक्यात येतात. या दुखण्यावर अलीकडे एक औषध जिकडेतिकडे विकले जात आहे. त्याचे नाव पोर्टेबल जंप स्टार्टर. लहानशा डबीत लिथियमची बॅटरी, तिला दोन चिमटे. ते बसलेल्या बॅटरीला लावले की गाडी सुरू होते. सांडोर, पापडी, नालासोपारा भागातील आमचे अनेक भाईबंद हा डबा घेत आहेत, काही जण विकतही आहेत. म्हणून या पानावर त्याचा विचार होणे आम्हाला गरजेचे वाटते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जंप स्टार्टर ही अडल्या वेळची उसनवारी आहे. उसनवारीने एक दिवस निभावतो, कारोबार उभा राहत नाही. गाडीचे खरे भांडवल तिच्या बॅटरीत असते आणि त्या भांडवलाचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे लोक ठेवतात. मीटरभर कापडाची नोंद वहीत होते, पण बॅटरी कोणत्या महिन्यात बसवली हे विचारले तर मालक ड्रायव्हरकडे पाहतो आणि ड्रायव्हर आकाशाकडे.

बॅटरी का बसते?

शिसे आणि ॲसिडची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली बनवली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा सेल्फ आला आणि हँडल मारण्याचा त्रास हळूहळू संपला. बॅटरीचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. तिचे दुश्मन तीन : उष्णता, उपवास आणि गंज.

उष्णता वाढली की आतील रासायनिक क्रिया वेगाने होते. दहा अंशांनी तापमान वाढले तर हा वेग साधारण दुप्पट होतो आणि आयुष्य त्या मानाने घटते. उपवास म्हणजे अर्धपोटी राहणे. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा करंट जातो. तो आल्टरनेटरने भरून द्यावा लागतो. सांडोरहून वसई स्टेशन आणि परत, मध्ये चार ठिकाणी थांबून पुन्हा सेल्फ, वर दिवे, पंखा आणि मोबाईलचे चार्जिंग, अशा खेपांत ही भर पुरती होत नाही. बॅटरी दिवसेंदिवस अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. तो बसला की मग कितीही भरा, ती पूर्वीसारखी भरत नाही. तिसरा गंज. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. अनेकदा बॅटरी चांगली असते, वाट मात्र अडलेली असते. गरम पाणी, ब्रश आणि वर थोडे पेट्रोलियम जेली, एवढ्याने काम भागते.

पूर्वी गाडी अडली की चार माणसे धक्का मारत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचे इंजिन कॉम्प्युटरच्या हुकमावर चालते. बॅटरी पार रिकामी असेल तर त्या कॉम्प्युटरलाच जाग येत नाही आणि धक्क्याचा बहुधा उपयोग होत नाही. जंप स्टार्टरचा खप वाढण्याचे हेही एक कारण आहे.

खळ लावलेले आकडे

कापडाच्या धंद्यात खळीचा अनुभव सर्वांना आहे. खळ दिलेले कापड हाताला जाड लागते आणि पहिल्या धुण्यात विरळ होते. जंप स्टार्टरच्या खोक्यावर 'पीक अॅम्पिअर' म्हणून जो हजार-दोन हजारांचा आकडा छापतात, तो असाच आहे. तो क्षणभराच्या झटक्याचा आकडा असतो. सेल्फला काही सेकंद टिकणारा करंट लागतो, त्याचा उल्लेख खोक्यावर क्वचितच सापडतो.

दुसरा हिशेब पाहा. डब्यावर १२,००० एमएएच लिहिलेले असते. हे माप ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे सुमारे ४४ वॉट-तास. गाडीच्या साध्या ३५ अॅम्पिअर-तास बॅटरीत १२ व्होल्टने सुमारे ४२० वॉट-तास मावतात. म्हणजे हा डबा पुरा ओतला तरी बॅटरीचा दहावा हिस्सा भरेल. तो इंजिन सुरू करून देतो, बॅटरी भरून देत नाही. गाडी सुरू झाली म्हणजे आजार गेला असे समजणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोच 'टक' ऐकावा लागतो. पार उतरलेली बॅटरी रात्रभर चार्जरवर लावणे हाच योग्य मार्ग आहे.

बॅटरीवरच्या आकड्यांचेही तसेच. सीसीए नावाचा आकडा उणे १८ अंश थंडीत ३० सेकंदांच्या चाचणीवरून काढतात. वसईत उणे १८ कुठले? आपल्याकडे अॅम्पिअर-तास, बनवल्याची तारीख आणि वॉरंटीची मुदत पाहणे जास्त कामाचे. बॅटरी दुकानात पडूनही उतरते. महिनोन्‌महिने चार्ज न करता फळीवर ठेवलेली बॅटरी नवी म्हणून विकणे म्हणजे ढिगाच्या आतली ओल लपवणे होय. मदीनेच्या बाजारात हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला. हा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. तो बॅटरीच्या दुकानालाही लागू आहे आणि जंप स्टार्टरच्या गाळ्यालाही.

वापरताना

जंप स्टार्टर जवळ ठेवूच नये असे आम्ही म्हणत नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होते, गाड्या बंद, वीज बंद. अशा वेळी असा डबा मोठा आधार होतो. पण शिस्त हवी. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, हे दोनदा पाहावे. सेल्फ पाच सेकंदांहून जास्त मारू नये. गाडी सुरू होताच चिमटे काढावेत. अनेक डब्यांवर 'बूस्ट' बटण असते. ते दाबले की उलट जोडणीपासून मिळणारे संरक्षण बऱ्याचदा बंद होते, म्हणून ते अननुभवी मुलाच्या हाती देऊ नये. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिथे १२ व्होल्टचा डबा लावू नये. आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत लिथियम ठेवू नये. डबा फुगलेला दिसला तर मोह सोडून तो बाजूला काढावा.

गिऱ्हाईकाचा हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून शिशाच्या बॅटरीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. ही सवलत तुमच्यापर्यंत पोहोचली की नाही, हे पक्क्या बिलावरच दिसते. दोन रुपये वाचवण्यासाठी बिल सोडणारा वॉरंटीही सोडतो. कार्डावर तारीख व शिक्का घ्यावा. भाड्याच्या वाहनाला अनेकदा खाजगी गाडीपेक्षा कमी मुदत मिळते. खाजगी म्हणून घेतलेली बॅटरी टेम्पोत बसवली तर पुढे दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून घेतानाच खरे सांगावे.

आपल्या लोकांत एक गैरसमज आहे की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक तक्रार होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. स्वतःची रिक्षा किंवा टेम्पो चालवणारा कारागीर ग्राहकच आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात फीही लागत नाही.

आमची सूचना

सूचना साध्या आहेत. एक, वहीत बॅटरीचे वेगळे पान घालावे : बसवल्याची तारीख, वॉरंटी, किंमत. दोन, महिन्यातून एकदा सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी साध्या मीटरने व्होल्ट पाहावेत. १२.६ म्हणजे पोट भरलेले, १२.२ म्हणजे निम्मे, १२ च्या खाली म्हणजे धोका. इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ दिसावेत. तसे नसेल तर दोष बॅटरीत नसून आल्टरनेटर किंवा पट्ट्यात असू शकतो. विनाकारण नवी बॅटरी घेऊ नये. तीन, रोज थोडे बाजूला काढावे. समजा बॅटरी सहा हजारांची आणि तीन वर्षे चालली, तर दिवसाला साडेपाच रुपये पडतात, कटिंग चहाहून कमी. चार, जंप स्टार्टर प्रत्येकाने घेण्याऐवजी बाजारातल्या पाच-सात जणांनी मिळून एक चांगला, बीआयएस नोंदणीचा घ्यावा आणि एका विश्वासू माणसाकडे अमानत ठेवावा.

आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन मुलांनाही यात रोजगार आहे. बॅटरी तपासून, आकडा चिठ्ठीवर लिहून देणारा कारागीर गिऱ्हाईक कायमचे जोडतो. भंगारवाल्या बांधवांनी जुनी बॅटरी २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडेच पोहोचवावी. वस्तीत शिसे वितळवण्याची कमाई लेकरांच्या रक्तातून वसूल होते.

व्यापाऱ्याची पत त्याच्या वक्तशीरपणावर असते. ठरल्या वेळी माल पोहोचवणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळते, रस्त्यात चिमटे लावत बसणाऱ्याला मिळत नाही. रमजानचा सीझन दाराशी येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गाडीचे बॉनेट एकदा उघडून पाहावे. अल्लाह आपल्या मेहनतीत बरकत देवो.