आधी डिकी मोजा

परवा धाराशिवच्या बाजारात एक आजोबा नातवासाठी बाबागाडी बघत होते. चाकं दाबून, छत उघडून, अगदी बैल पारखावा तशी. बाहेर उभ्या मोटारीची डिकी मात्र कुणी उघडून पाहिली नाही. आपल्याकडची मोटार बहुधा अल्टो. नव्या अल्टो के-१०ची डिकी २१४ लिटरची, आणि सीएनजीची टाकी बसवली की उरते ती पिशवीपुरती जागा. तिथे जाडजूड गादीची गाडी कोंबायची तर आजीला घरीच ठेवावं लागेल! स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली. मूल नीट बसायला लागलं की हीच घ्यावी, बाकीचा थाट फुकट. तसंही तुळजापुरात देवळाच्या पायऱ्या उतरताना बाळ आईच्या कडेवर असतं आणि बाबागाडी बापाच्या खांद्यावर. तेव्हा वाचकहो, दुकानदार कितीही ‘बसते हो साहेब’ म्हणाला, तरी गाडी मिटवून तुमच्याच डिकीत ठेवायला लावा, आणि झाकण लागलं तरच पैसे द्या.