सेवाभाव आणि रात्रपाळी

“आमच्याकडे नियमांपेक्षा माया मोठी,” एका सुश्रूषा केंद्राचे संचालक मला सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरची वही पाहत होतो. आत्याच्या नावाचं पान उघडं होतं. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, पुढे सही. घड्याळात दुपारचा पाऊण वाजला होता आणि वहीत संध्याकाळी सहापर्यंतच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने भरून झाल्या होत्या.

अर्धांगवायूनंतर आत्या तिथे सात आठवडे होती. त्या सकाळी केंद्रातल्या सेविका मावशींच्या मदतीने तिला कुशीवर घेतलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी काळी पडलेली जखम दिसली. तिची वाचा गेली होती. उताणं झोपवलं की ती डोळे घट्ट मिटायची. आम्हाला वाटायचं, झोप येतेय.

संचालकांची माया खोटी होती, असं मी म्हणत नाही. मावशीही कामचुकार नव्हत्या. पण रात्री आठ ते सकाळी आठ त्या एकट्या, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं वीस. एकाची कूस बदलायची, उशा लावायच्या, ओला डायपर काढायचा, याला घाईघाईत सहा मिनिटं धरा. विसांना दोन तास लागतात. म्हणजे शेवटच्या खाटेशी पोचेपर्यंत पहिल्या खाटेची वेळ पुन्हा झालेली असते. मधे कुणाला पाणी हवं, कुणाला ठसका लागला, तर हिशेब तिथेच मोडतो. शिवाय जड माणसाला एकटीने उचलता येत नाही, ओढावंच लागतं, आणि त्या ओढण्यानेच पातळ झालेली कातडी सोलते. ही दुसऱ्या माणसाच्या पगाराची उणीव आहे. ती मायेने भरून निघत नाही. वहीतल्या आगाऊ सह्यासुद्धा याच उणिवेतून आलेल्या.

“या वयात जखमा व्हायच्याच” हे उत्तर मला त्या दिवशी दोनदा मिळालं. शेवटच्या दिवसांत, शरीर सगळीकडून थकलेलं असताना, काही जखमा खरंच टळत नाहीत. पण बहुतेक टळतात, आणि त्या कशा टाळायच्या हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. कातडी लाल झाली की बोटाने दाबून पाहायचं. दाबूनही लाली फिकी होत नसेल तर धोका सुरू झाला. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. वजन नियमित तपासायचं, कारण घटत्या वजनाच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही.

काही ठिकाणी वृद्धांचे हात खाटेला बांधतात. त्याचं समर्थन सुरक्षिततेच्या नावाने होतं. “पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल.” भीती खरी आहे. पण बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं, आणि कठडा ओलांडून पडलं तर जास्त उंचीवरून पडतं. पडण्याची कारणं बरेचदा साधी असतात: झोपेच्या गोळ्या, ओली फरशी, संडासाच्या वाटेवर न लावलेला दिवा, हाक मारूनही न आलेलं माणूस. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी वृद्धांना बांधायला मनाई केली. तिथेही सगळं आलबेल नाही, पण तपासणीत काय सापडलं ते घरच्यांना वाचायला मिळतं.

आपल्याकडे काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात राज्य सरकारांना प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम काढता येतील असं म्हटलं आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. मंजूर न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबर ते संपलं.

“नियम कडक केले तर गरिबांना परवडणारी केंद्रं बंद पडतील” हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पण मग रात्रीच्या दुसऱ्या मावशीच्या पगाराला सरकारने अनुदान द्यावं. गरिबाच्या आईची पाठ सडू देणं ही स्वस्ताई नाही.

राहिला “तिथे ठेवलंच कशाला?” हा टोमणा. आत्याला मूल नाही, माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर घरात कुणी नाही. या टोमण्याने एकच होतं: नातेवाईक आधीच शरमलेले असतात, त्यामुळे तक्रार करत नाहीत. आपण माणूस ‘टाकलं’ असं ज्याला वाटतं, तो वही मागत नाही. मीही सात आठवडे मागितली नव्हती.

तेव्हा शरम बाजूला ठेवा. केंद्र निवडताना बाग आणि देवघर पाहून झालं की रात्री दहानंतर एकदा न सांगता जा आणि किती माणसं जागी आहेत ते मोजा. तुमचं माणूस आधीच तिथे असेल, तर पुढच्या भेटीत चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कुणी पाहू देत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे फोन करा.