नवरा असला की अपंगत्व जातं का?

मंडळी, आज थोडी आकडेमोड. घाबरू नका, पाचवीच्या वरचं गणित नाही.

एक बाई घ्या. मनातली आहे, पण अशी बाई तुमच्याही गावात सापडेल. माहेर इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याला, सासर बारामती तालुक्यात पणदऱ्याला. लहानपणीच्या पोलिओने एक पाय अधू, सर्टिफिकेटवर ६० टक्के. नवरा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, वर्षाकाठी दीड लाख घरी आणतो. ही बाई संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून बसते का? नाही बसत. टक्केवारी पुरते (४० लागतात, तिला ६० आहेत), पण दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५०,००० रुपये. नवऱ्याच्या पगारात ती बुडाली.

आता नवऱ्याने तिला सोडलं. पाय तोच, काठी तीच, पायरी चढतानाचा त्रासही तोच. फक्त नवरा नाही. आता ती बसते! २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली, म्हणजे तिला महिना २,५०० मिळायला हवेत.

म्हणजे सरकारच्या डेटाबेसमध्ये अपंगत्व हा माणसाचा गुणधर्म नाहीच. तो लग्नावर अवलंबून असलेला व्हेरिएबल आहे. लग्न चालू, तर व्हॅल्यू शून्य. लग्न मोडलं, तर अडीच हजार. आमच्या ऑफिसात एखाद्या ज्युनियरने असं डिझाईन केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

"अरे पण ही योजना गरिबांसाठी आहे. नवरा कमावतो तर सरकारने का द्यावं?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो. वरवर ठीक वाटतो. पण मग शेजारची खिडकी बघा.

२०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. महिना १,५००. उत्पन्नाची मर्यादा किती? अडीच लाख. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, सगळ्या चालतात. म्हणजे आपल्या पणदऱ्याच्या बाईला नवरा असताना 'बहीण' म्हणून १,५०० मिळू शकतात. पण पायामुळे जे वरचे १,००० आहेत, त्यासाठी घर पाचपट गरीब असलं पाहिजे. अडीच लाख भागिले पन्नास हजार, करा हिशेब. बाई असण्याला अडीच लाखांची मर्यादा आणि अपंग असण्याला पन्नास हजारांची, ही कुठली अक्कल?

आणखी एक गंमत. संजय गांधी योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांचा स्वतंत्र गट आहे, पूर्वीपासून. त्यांना रक्कम १,५०० आणि उत्पन्नाची मर्यादा २१,०००. वर्षाला! महिना १,७५० रुपये. आज बारामतीत एका खोलीचं भाडंही त्यात भागत नाही. तीच रक्कम दुसऱ्या खिडकीवर अडीच लाखांच्या मर्यादेत मिळते. एकच सरकार, एकच बाई, एकच दीड हजार, आणि गरिबीच्या दोन व्याख्या. २१,००० चा आकडा बदलायला कुणाला वेळ झाला नाही, कारण त्या आकड्याच्या नावाने मतं मागता येत नाहीत. असो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण तो मला फार आवडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे, असं तिथे सरळ लिहिलंय. कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. महाराष्ट्रात २०१९ ला बहुतेकांचे १,००० झाले, २०२३ च्या जुलैत सगळ्यांचे १,५०० झाले. 'सगळ्यांचे', म्हणजे दिव्यांगाचेही तेवढेच आणि इतरांचेही तेवढेच. फरक पडायला २०२५ उजाडलं, आणि त्या जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते हे विसरू नका. त्यांची मागणी ६,००० ची होती. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही, पण या बाबतीत आठ वर्षं कायदा पुस्तकात झोपला होता हे खरंच आहे. दरम्यान 'अपंग' चं 'दिव्यांग' झालं आणि २०२२ मध्ये स्वतंत्र खातंही निघालं. नावं बदलण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

ऑनसाईट जाऊन आलेल्या मित्रांनी नाक वर करू नये, तिकडेही हाच घोळ आहे. अमेरिकेत एसएसआय म्हणून गरीब अपंगांना भत्ता असतो. २०२५ मध्ये एकट्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर, आणि नवरा-बायको दोघं पात्र असतील तर मिळून १,४५०. दोनदा ९६७ नव्हे, दीडदा. शिवाय नुसत्या जोडीदाराची कमाई असली तरी ती तुमच्या खात्यात धरतात. म्हणून तिथली कित्येक अपंग जोडपी लग्नच करत नाहीत. ब्रिटनचा पीआयपी नावाचा भत्ता मात्र उत्पन्न बघतच नाही. तुम्हाला अंघोळ घालायला माणूस लागतो का, चालता येतं का, एवढंच बघतात. नवरा काय कमावतो हा प्रश्नच येत नाही. मला हेच बरोबर वाटतं. अपंगत्वाचा एक खर्च असतो: रिक्षा, काठी, कॅलिपर, दवाखाना, हातातून निसटलेली कामं. तो खर्च लग्नाने कमी होत नाही. गरिबीची मदत वेगळी मोजा आणि अपंगत्वाची वेगळी. एकत्र कालवलं की बाईला नवऱ्याच्या पाकिटाकडे बघत बसावं लागतं, आणि ते पाकीट तिच्या हातात येतंच असं कुणी सांगितलं? 'कुटुंबाचं उत्पन्न' हा शब्द फार भाबडा आहे. पगार कुटुंबाचा नसतो हो, पगार ज्याचं एटीएम कार्ड त्याचा असतो.

बरं, समजा लग्न मोडलं. अडीच हजार सुरू झाले का? इथून खरी शर्यत.

आपल्याकडे घटस्फोट कोर्टात कमी आणि चावडीवर जास्त होतात. चार माणसं बसतात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात, झाली सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायद्याच्या नजरेत, समाजातली तशी रूढी सिद्ध झाल्याशिवाय, या कागदाची किंमत शून्य. नवरा त्यावर दुसरी करून मोकळा होतो. बाई मात्र तोच कागद घेऊन खिडकीवर गेली की "डिक्री कुठाय?" असं विचारतात. खरं तर योजनेत परित्यक्ता बसते. एवढंच नाही, 'घटस्फोट प्रक्रियेतील' बाईही बसते. नियम लिहिणारा माणूस शहाणा होता, त्याने डिक्रीची वाट बघायला लावलेली नाही. पण नियम आणि खिडकी यांच्यामध्ये कुणीतरी एक चार्ट चिकटवलेला असतो आणि त्यावर फक्त तीन शब्द असतात: विवाहित, विधवा, घटस्फोटित. (ड्रॉपडाऊन बनवणाऱ्या आपल्या जातभाईंनीही यात हातभार लावलाय.)

पोटगीचं तर विचारूच नका. नियमातले शब्द आहेत पोटगी 'न मिळणाऱ्या', किंवा ठरवलेल्या उत्पन्नापेक्षा कमी पोटगी 'मिळणाऱ्या' महिला. मिळणाऱ्या. मंजूर झालेल्या नव्हे. याच पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या एका ताईंबरोबर मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो (कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच आहे). ताईंचा एक हात निकामी, कोर्टाने पाच हजार पोटगी बांधून दिलेली. नवऱ्याने दोन महिने भरली आणि गडी गायब.

"ताई, ऑर्डरीत पाच हजार लिहिलंय. बारा महिन्याचे साठ हजार झाले. तुम्ही मर्यादेच्या वर."

"भाऊसाहेब, ऑर्डरीत लिहिलंय, खात्यात कुठं आलंय? हे बघा पासबुक."

"पासबुक नाही चालत. ऑर्डर चालते."

म्हणजे न मिळालेल्या पैशाने ती बाई श्रीमंत झाली! इन्कम टॅक्सवाले तुमच्या न मिळालेल्या बोनसवर टॅक्स लावायला लागले तर तुम्ही काय कराल? ट्विटर पेटवाल. ती बाई लासुर्ण्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसते, कारण संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असतं.

एकरकमी पोटगीचा सापळा त्याहून वाईट. परस्पर संमतीच्या घटस्फोटात साधारण एक आकडा ठरतो, बाई "यापुढे हक्क नाही" वर सही करते. समजा तीन लाख ठरले. ७ टक्क्यांनी एफडी केली तर वर्षाचं व्याज २१,०००. नेमके २१,०००! म्हणजे व्याजानेच तिने घटस्फोटितांच्या गटाची मर्यादा गाठली. दिव्यांग असेल तर ५०,००० आहेत म्हणून वाचली. त्यामुळे जी बाई दोन्ही गटांत बसते तिने अर्जावर कुठला गट टाकायचा हे तिला कुणीतरी सांगायला हवं. पगार दोन गटांचा नाही, एकाच गटाचा मिळतो. घटस्फोटित म्हणून अर्ज गेला तर १,५०० आणि २१,००० ची मर्यादा; दिव्यांग म्हणून गेला तर २,५०० आणि ५०,००० ची. एक खूण चुकली की महिन्याला हजार रुपये गेले.

आता आपल्या धंद्यातलं. २०२४ च्या अखेरीपासून हे पैसे डीबीटीने येतात. आधारवरून येणारा पैसा त्याच बँकेत जातो जी शेवटी आधारला जोडली गेली. बाईच्या पासबुकात काय लिहिलंय याला अर्थ नाही, मॅपरमध्ये कुठली बँक आहे तिला अर्थ आहे. लग्नानंतर नवऱ्याने सासरच्या गावात खातं काढून दिलं, मोबाईल नंबर त्याचाच टाकला. बाई माहेरी आली, अनुदान मंजूर झालं, आणि पैसे गेले पणदऱ्याच्या शाखेत. ओटीपी नवऱ्याच्या खिशात. हे कुणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच दुरुस्तही कुणी करत नाही.

नावाचं तेच. यूडीआयडी कार्डावर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नवऱ्याचं, डिक्रीत दोन्ही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एकदा लग्नात गेलं, दुसरं घटस्फोटात. पुन्हा संसार मांडायचा विचार असेल तर बाईने आधी कोटा तपासावा!

लाडकी बहीणच्या ई-केवायसीने तर कळस केला. सप्टेंबर २०२५ मध्ये फॉर्म आला, त्यात पती किंवा वडील यांचा आधार नंबर आणि ओटीपी सक्तीचा. ज्याच्यावर पोटगीची केस चालू आहे त्या माणसाला फोन करून "जरा ओटीपी सांगता का?" असं विचारायचं! वडील वारलेले असतील तर विचारायलाही कुणी नाही. दोन महिने ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं ठरलं. म्हणजे लाखो रुपयांच्या पोर्टलचा बग शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी पिशवीतून कागद नेऊन सोडवला. आणि 'घटस्फोटाचा कागद' म्हटल्यावर नुसती सोडलेली बाई पुन्हा दाराबाहेरच.

हे सगळं लिहिताना पुरुष विसरलो नाही. अपंग नवऱ्याला बायको सोडून गेली तर त्याला घटस्फोटित म्हणून गट नाही, दिव्यांग म्हणूनच अर्ज करायचा. तिची कमाई घरातून गेल्याने तो पात्र होतो, पण त्याला जेवू घालणारं माणूसही गेलेलं असतं. त्याचा हिशेब अडीच हजारांत होत नाही.

मग करायचं काय? धोरण बदलायला आमदारकी लागते, ती माझ्याकडे नाही. पण तुमच्या गावाकडे अशी कुणी असेल तर एवढं सांगा. तालुका बदलला असेल तर जुन्या तहसीलला लेखी कळवून नव्या तहसीलला अर्ज, दोन्हीकडची पोच घ्यायची. बँकेत जाऊन आधार कुठे जोडलंय ते विचारायचं, आणि आधी मोबाईल नंबर बदलायचा. पोटगीचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो (जुनं १२५). तो बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या गावी खेपा घालायची गरज नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पोटगी ठरवताना बाईचं किंवा मुलाचं गंभीर अपंगत्व धरलं पाहिजे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. नवरा थकवत असेल तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत टाकायचा, नंतर तेवढे महिने वॉरंटातून सुटतात. त्या वसुली अर्जाची प्रत तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी जोडायची. पोटगी मिळत नाही याचा पासबुकापेक्षा तो कागद मोठा पुरावा आहे.

आणि वकिलाच्या फीचं म्हणाल तर स्त्री आणि दिव्यांग, दोघांनाही विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. तिथे मात्र नवऱ्याचं उत्पन्न कुणी विचारत नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. अर्ज साध्या कागदावर चालतो.