अमजद खान नावाचा खासदार

नाना पटोले यांच्याबद्दल आमच्या सानगडीत दोन तट आहेत. दोन्ही किती तोडीस तोड आहेत ते २०२४ च्या विधानसभा निकालानं सगळ्या राज्याला कळलं. साकोली मतदारसंघातून पटोले २०८ मतांनी निवडून आले. मी त्यांच्या विरोधातल्या तटाचा, कमळाचा जुना मतदार. २०१४ ला लोकसभेसाठी त्यांना मत दिलं ते कमळावर उभे होते म्हणून. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली, पक्षही सोडला, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तरीही आज लिहितो आहे ते त्यांच्या फोनबद्दल, आणि लिहितो आहे माझ्याच पक्षाच्या आमदारांसाठी.

प्रकरण लोक विसरत चालले आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. जुलै २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात पटोले विधानसभेत उठून म्हणाले की, २०१६-१७ मध्ये मी भाजपचा खासदार असताना माझा फोन ऐकला जात होता आणि कागदावर माझं नाव ‘अमजद खान’ लिहिलं होतं. अंमली पदार्थांचा धंदा करणारा कुणी अमजद खान. बच्चू कडूंचा नंबर ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाखाली होता. यादीत आशिष देशमुख होते, संजय काकडे होते. त्या वेळी देशमुख भाजपचे आमदार आणि काकडे भाजपच्या जवळचे खासदार. म्हणजे राज्यात सरकार आमचं, ऐकणारे पोलीस आमच्या सरकारचे आणि ज्यांचं ऐकलं गेलं त्यांतलेही बरेचसे आमचेच. तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी समिती नेमली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. फोन ऐकले गेले त्या काळात त्या पुण्याच्या पोलीस आयुक्त होत्या. पाठोपाठ संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनवरून मुंबईत कुलाब्याला दुसरा गुन्हा नोंदवला गेला.

मधल्या काळात सरकार बदललं. पुणे पोलिसांनी प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारनं मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर निवडणूक आयोगानं त्यांना बाजूला केलं आणि निकालानंतर त्या पुन्हा त्याच खुर्चीवर आल्या. न्यायालयानं गुन्हा रद्द केला म्हणजे त्या गुन्हेगार नाहीत. ते मी मान्य करतो आणि इथं त्यांच्यावर बोट ठेवत नाही. माझा प्रश्न त्या कागदाबद्दल आहे. खासदाराचा नंबर आणि शेजारी भलत्याच माणसाचं नाव असलेला कागद इतक्या टेबलांवरून फिरला, आणि एकाही साहेबानं विचारू नये, की हा नंबर आहे तरी कोणाचा?

हा प्रश्न मला सुचतो, कारण माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेली. खांबावर चढायचं, डीपी उघडायची, बिघडलेली जोडी शोधायची आणि टेस्ट फोनची क्लिप लावायची. क्लिप लागली की पलीकडचं बोलणं कानात येतंच. सावकार, डॉक्टर, पुढारी, सोयरीक जुळवणारे, सगळ्यांचं. आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असायचं: लाइन चालू आहे एवढं कळलं की क्लिप काढायची. ऐकलेलं बाहेर बोललास तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम २६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. लाइनमनला जे कलम दाखवून घाबरवायचे, तेच पुढं या प्रकरणातल्या गुन्ह्यात लागलं. लाइनमनला त्याची धास्ती होती. वरच्या मजल्यावर ती दिसत नाही.

आणि नंबर कोणाचा हे शोधायला किती वेळ लागतो? एक्सचेंजमध्ये रजिस्टर असायचं, पुढं संगणक आला. नंबर सांगा, मालकाचं नाव, पत्ता, अर्जावरचा फोटो समोर. आता तर सिमकार्ड घेताना ओळखपत्र द्यावंच लागतं. म्हणजे गृह विभागाकडं जाणाऱ्या अर्जाला कंपनीच्या नोंदीचा एक उतारा जोडायची सक्ती असती, तर अमजद खान पहिल्याच टेबलावर पकडला गेला असता. तशी सक्ती मला कुठल्या नियमात दिसली नाही. अर्ज करणारा जे नाव लिहील ते नाव, आणि तो जे कारण देईल ते कारण.

नियम नाहीत असं नाही. १८ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात फोन ऐकण्यावर बंधनं घातली. गृहसचिवाची लेखी परवानगी हवी, दुसऱ्या मार्गानं माहिती मिळत नसेल तरच ऐकावं, मुदत ठरलेली असावी. २००७ मध्ये ते नियम ४१९-अ म्हणून आलं: आदेश ६० दिवसांचा, वाढवून वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस, आणि ७ कामकाजी दिवसांत प्रत पुनर्विलोकन समितीकडं. आता समितीत कोण, ते पाहा. राज्याचे मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि आणखी एक सचिव. मागणारा अधिकारी, देणारा अधिकारी, तपासणारेही अधिकारीच. न्यायाधीशाची आधी परवानगी असावी ही मागणी १९९६ मध्ये झाली होती. न्यायालयानं ती मानली नाही. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, समिती तशीच राहिली.

अशा समितीवर कामाचा बोजा किती, ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलंय. केंद्राच्या समितीला दोन महिन्यांतून एकदा बसून १५ ते १८ हजार आदेश तपासायचे असतात. एवढे कागद कोणी वाचत नसतो; शिक्के मारतो.

आमच्याकडचे कार्यकर्ते यावर म्हणतात, खासदार झाला म्हणून काय झालं, लपवण्यासारखं नसेल तर ऐकू द्या की. त्यांना एक सांगतो. खासदाराचा फोन त्याच्या एकट्याचा नसतो. २०१६-१७ मध्ये या भागातून पटोल्यांना कोण फोन करत होतं? ज्याचं धान खरेदी केंद्रावर पडून भिजलं तो. नागपूरच्या दवाखान्यात बायको-पोरं घेऊन अडकलेला. बँकेनं कर्ज नाकारलेला. पोलिसानं मारलं म्हणून तक्रार करणारा आणि पोलिसाच्या साहेबाची तक्रार करणारा. त्यांच्यातल्या कुणाच्याही नावानं परवानगी घेतलेली नव्हती, आणि सगळ्यांचं बोलणं अमजद खानच्या खात्यात जमा होत राहिलं असणार. लोकप्रतिनिधीकडं तक्रार करणंच ज्या दिवशी धोक्याचं वाटेल, त्या दिवशी मत देऊन उपयोग काय?

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे: फोन ऐकले नाहीत तर भ्रष्टाचार पकडणार कसा? हे खोटं नाही. २०२० मध्ये याच शुक्ला राज्य गुप्तवार्ता आयुक्त असताना पोलीस बदल्यांच्या बाजाराबद्दल त्यांनी अहवाल दिला, तोही फोन ऐकूनच. मार्च २०२१ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी ६.३ जीबी माहिती असल्याचं सांगून तो पत्रकारांसमोर मांडला. मला तेव्हा आनंद झाला होता. सरकार दुसऱ्यांचं होतं ना! पण पुढं काय झालं? बदलीसाठी कोणी किती मोजले यापेक्षा अहवाल कोणी फोडला, परवानगी नीट घेतली होती का, यावरच वर्षं गेली. बदल्यांचा बाजार बंद झाला असं कुठल्याही ठाण्यात जाऊन म्हणून पाहा. ऐकण्याची रीत संशयास्पद असली की खरा पुरावासुद्धा वाया जातो. ज्याला भ्रष्टाचार खरंच पकडायचा असेल, त्याला तर न्यायाधीशाची सही हवीशीच वाटली पाहिजे. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर १९६८ पासून न्यायाधीशाचा आदेश लागतो, ऐकणं संपल्यावर साधारण ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं आणि असे आदेश किती निघाले याचा आकडा दरवर्षी छापला जातो. त्यामुळं तिथले चोर सुटले असं ऐकिवात नाही.

उजव्या विचाराच्या माणसानं सरकारवर एवढा विश्वास ठेवावा, हेच मला मुळात उमगत नाही. आणीबाणीत येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगात गेलेली आमची माणसं होती. १९८६ मध्ये लोकांची पत्रं उघडायचा अधिकार देणारं टपाल विधेयक राजीव गांधींच्या सरकारनं मंजूर करून घेतलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. पत्रं उघडायची ती सोय २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात आली. आमच्या सरकारनं आणली. दूरसंचार कायदा तर डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी बाकांवरचे खासदार घाऊक निलंबित असताना मंजूर झाला. इंग्लंडात डेव्हिड डेव्हिस नावाचा हुजूर पक्षाचा खासदार आहे. २००८ मध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठी त्यानं राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवली आणि जिंकली, आणि २०१४ मध्ये लोकांच्या फोनच्या नोंदी साठवण्याच्या कायद्यावरून स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला कोर्टात खेचलं. पक्षानं त्याला काढलं नाही. असा एक आमदार आमच्याकडं का निघू नये?

आता गावातलं सांगतो, कारण नजर फक्त फोनवर नाही. धान विकायचं तर सातबारा द्या, ई-पीक पाहणीत बांधीत उभं राहून फोटो काढा, आधार द्या, बँकेचं पासबुक द्या. रेशनला ई-केवायसी, लाडक्या बहिणीला ई-केवायसी. नेटवर्क नसेल तर म्हातारी माणसं अंगठा पुसत दिवसभर बसून राहतात. हेही मी समजू शकतो. हेक्टरी २० हजारांचा बोनस खोट्या शेतकऱ्यानं खाऊ नये. मग मी उलट बाजूनं विचारून पाहिलं. तालुक्यातल्या एका कार्यालयात माहितीचा अर्ज टाकला: आमच्या भागात बोनस कोणाकोणाला मिळाला, किती क्षेत्रावर? उत्तर आलं, वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. पूर्वी अशा वेळी व्यापक जनहित दाखवून त्याच कलमाखाली भांडता यायचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. कलम ८(२) अजून आहे, जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. पण ते ठरवायचं पुन्हा त्याच कार्यालयानं. माझा अंगठा, माझी बांधी, माझा फोन त्यांना दिसतो. माझ्या करातून गेलेला पैसा मला दिसत नाही. मला याहून मोठी उलटापालट माहीत नाही, आणि ती ज्या महाराष्ट्रानं माहिती अधिकारासाठी उपोषणं पाहिली तिथं मुकाट चालते आहे.

पटोल्यांनी हा विषय सोडला असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी तो बराचसा एका अधिकाऱ्याच्या नावापुरता ठेवला. अधिकारी येतात, निवृत्त होतात. कागद तोच राहतो, आणि उद्या सरकार काँग्रेसचं आलं की त्या कागदावर आमच्या आमदाराचा नंबर आणि भलतंच नाव असेल.

म्हणून भंडारा-गोंदियातल्या सत्ताधारी आमदारांना माझी विनंती आहे. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाका. गेल्या पाच वर्षांत राज्यानं फोन ऐकण्याचे किती आदेश काढले, किती वाढवले, पुनर्विलोकन समितीनं किती रद्द केले, आणि किती आदेशांतलं नाव सिमकार्डाच्या मालकाशी जुळत नव्हतं? नावं नकोत, नुसते आकडे द्या. सुरक्षेचं कारण सांगून उत्तर टाळलं तर हक्कभंगाची भाषा करू नका, अशासकीय विधेयक आणा: अर्जाला कंपनीचा उतारा, समितीत उच्च न्यायालयाचा एक निवृत्त न्यायाधीश, आणि दरवर्षी सभागृहासमोर आकडा. मसुदा लिहायला मंत्रालयातले वकील लागणार नाहीत. साकोलीच्या बाररूममध्येही एका दुपारी होईल. तो घेऊन तुम्ही सभागृहात उभे राहिलात, तर पुढच्या वेळी आमच्या गावात मत मागताना तुम्हाला हात जोडावे लागणार नाहीत.