वाइनची पारख व आपली डाळ

शेतकऱ्यांच्या मासिकांत वाइनविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया चढतील. त्यांस आरंभींच सांगून ठेवतों कीं, मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें, आणि दारूपायीं विकल्या गेलेल्या जमिनींचे फेरफार आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिले आहेत. परंतु मागील महिन्यांत नांदेड येथें एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जेवणाच्या निमित्तानें जें पाहिलें व ऐकलें, तें जमीन कसणाराच्या उपयोगाचें वाटलें, म्हणून हे चार शब्द.

स्नेह्यांचा पुतण्या नाशिककडे वाइनच्या कारखान्यांत कामास आहे. युरोपांतील तीन बाटल्या त्यानें आणल्या होत्या, व काकांच्या मित्रांस त्यांची पारख शिकवावी अशी त्यास हौस. आम्ही सहाजण होतों. कोणी लोह्याचे, कोणी औशाचे, आम्ही निलंग्याकडील. सर्वांच्या नांवें सातबारा. परवाने काढलेले आहेत ना, हें आम्हीं प्रथम विचारून घेतलें. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यांत अद्याप लागू आहे व पिणारासहि परवाना लागतो. जुन्या कारकुनास ही खात्री झाल्यावांचून घोट गिळवत नाहीं.

आमच्यापैकीं एकानें पेला उचलून एका दमांत रिकामा केला. मुलगा हंसून म्हणाला, "काका, हें औषध नाहीं." आधीं रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, मग लहान घोट जिभेवर सर्वत्र फिरूं द्यावा, अशी त्याची रीत. आम्हांस यांत फारसें नवल वाटलें नाहीं. मोंढ्यांतील जुने आडते ज्वारीचा दाणा दातांखालीं फोडून ओल सांगतात, तो हाच प्रकार. फरक इतकाच कीं, आडत्या आपला खरा निकाल माल घालणारास सांगत नाहीं.

पहिली बाटली जर्मनींतील मोझेल नदीच्या कांठची, रिस्लिंग नांवाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. तेथील मळे पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारावर आहेत. दिवसा तापलेला दगड रात्रीं वेलीस ऊब देतो. चव आंबटगोड, मद्यार्क थोडा. दुसरी फ्रान्समधील बोर्दो प्रांताची लाल. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आंवळते तशी हिच्या घोटानें आंवळली. हा तुरटपणा सालींतून व बियांतून येतो. ठेच्याच्या घांसावर ही घेतली मात्र, तोंडांत जाळ उठला! मुलानें कारण सांगितलें कीं, मद्यार्क व तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवितात आणि गोडी ती निववते. म्हणून ठेचा-भाकरीस रिस्लिंग जुळली, व लाल वाइन कमी तिखटाच्या, चरबीदार मटणाबरोबर मऊ लागली. लाल वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी असें पुस्तकांत असतें म्हणे. ती खोली युरोपची, सोळा-अठरा अंशांची. नांदेडच्या खोलींत तसें केल्यास तिचा काढा होईल. तिसरी बाटली पोर्तुगालची पोर्ट. रस आंबत असतां मध्येंच द्राक्षाचा मद्यार्क घालून आंबणें थांबवितात, त्यामुळें साखर शिल्लक राहते. ती शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर सर्वांस आवडली.

येथवर गंमत झाली. आमचे कान टवकारले ते पुढील गोष्टीनें. ही पोर्ट ज्या दोरो नदीच्या खोऱ्यांत होते, त्या मुलुखाची हद्द १७५६ सालीं सरकारनें ठरविली आणि पुढें ती दाखविण्यासाठीं जमिनींत दगड रोंवले. हद्दीच्या दगडांशीं आमचा जन्माचा संबंध. पण ते भांडण मिटविण्यासाठीं असतात, चव राखण्यासाठीं दगड रोंवल्याचें आम्हीं प्रथमच ऐकलें. फ्रान्समध्यें बर्गंडी प्रांतांत क्लो द वूझो नांवाचा भिंतीनें वेढलेला एक मळा आहे. क्षेत्र सुमारें ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशें एकर, आणि मालक सुमारें ऐंशी! वारसांच्या वांटण्या होतां होतां कोणाकडे अर्धा एकर, कोणाकडे चार ओळी. आपल्याकडे असे तुकडे पडले कीं शेतकरी भिकेस लागतो. तेथें त्या चार ओळींची वाइनहि मळ्याच्या नांवानेंच विकली जाते, व त्यांतहि वरच्या उताराची अधिक मोलाची समजतात. १९३५ सालीं फ्रान्सनें कायद्यानें अशा नांवांचें नियमन केलें. कोणत्या गांवाचें नांव लावावयाचें, तर द्राक्षाची जात कोणती, हेक्टरीं उत्पन्न किती, हें सारें बांधलेलें. मर्यादेपेक्षां अधिक पीक काढणारानें त्या नांवावर हक्क सांगूं नये.

शेवटीं भात आला, वर साधें वरण व तूप. मुलानें सहज विचारलें, "काका, ही डाळ कोणत्या गांवची?"

यजमानांनीं स्वयंपाकघरांत चौकशी केली. डाळ दुकानांतून पिशवींत आलेली. तूर पिकविणारे सहाजण पंक्तीस बसलेले, मोझेलच्या दगडाविषयीं बोलत असलेले, आणि ताटांतील डाळीचें गांव एकासहि सांगतां येईना! आम्हीं स्वतः गेल्या सुगीची अकरा पोतीं तूर मोंढ्यांत घातली होती व घरीं दुकानचीच डाळ खात होतों.

वास्तविक आपल्या पदरीं आतां नांवें आहेत. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखालीं २०२४ सालीं लातूर जिल्ह्यांतील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्ती कोथिंबीर या तिघांस मानांकन मिळालें. वर्तमानपत्रांत बातमी आली, सत्कार झाले. परंतु मोंढ्याच्या ढिगांत हें नांव बुडतें. तेथें भाव ठरतो तो ओलीवर, काडीकचऱ्यावर व दाण्याच्या आकारावर. चवीचा रकाना तेथें नाहीं. दुसऱ्यास दोष काय द्यावा? आमच्या दप्तरांतील पीकपाहणींतहि तो नव्हता. तीस वर्षें आम्हीं 'तूर' हा एकच शब्द लिहिला. बियाणें कोणतें, जमीन काळी कीं मुरमाड, हें वरिष्ठांनीं विचारलें नाहीं, व आम्हांसहि विचारावेंसें वाटलें नाहीं.

त्या कायद्यान्वयें मानांकन मिळाल्यावरहि पिकविणारानें आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. नोंद दहा वर्षें चालते व पुढें नवी करतां येते. ज्यांचीं शेतें त्या हद्दींत येतात त्यांनीं हें काम गटशेतीच्या बैठकींत घालवूं नये, कागद हातीं घेऊन पुरें करावें. मग खळें वेगळें, बियाणें वेगळें, भरडणें वेगळें, आणि पिशवीवर गांवाबरोबर गट नंबरहि छापावा, असें आमचें मत आहे. आम्हांस धास्ती वाटते ती आपल्याच माणसांची. भाव दोन पैसे चढला कीं शेजारच्या तालुक्यांतील तूर रात्रीं बोरसुरीच्या पोत्यांत शिरेल. तसें झालें तर दोन सुगींत त्या नांवास कोणी विचारणार नाहीं, आणि दाद मागावयास आपणांस तोंडहि राहणार नाहीं.

हें वाचून कोणीं वाइनचीं द्राक्षें लावण्याच्या मागें मात्र लागूं नये. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिककडे पुष्कळांनीं तीं लावलीं. २००८ च्या मंदींत कारखान्यांची खरेदी आटली, आणि लहान मण्यांचें, जाड सालीचें, बियांचें तें द्राक्ष खाण्यासाठीं बाजारांत कोणी घेईना. कित्येकांनीं बागा उपटल्या. औशाकडील बागाईतदारांनीं हा अनुभव विसरूं नये.

पदार्थास पेय जुळविण्याची विद्या आपल्याकडे नाहीं, असेंहि नव्हे. मार्गशीर्षांतील वेळ अमावास्येस, जिला आपण येळवस म्हणतों, शेतांत भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील असते. भाज्या व डाळींची ती जड, तेलकट भज्जी आंबट आंबिलीवांचून दोन घांसांपुढें जात नाहीं, हें पोरासहि ठाऊक आहे. आणि एका शेताची भज्जी दुसऱ्या शेतासारखी कधीं लागत नाहीं, म्हणून तर आपण चार ठिकाणीं जेवतों.

नांदेडच्या त्या सहाजणांनीं येत्या येळवशीस आमच्या शेतावर जमावयाचें ठरविलें आहे. प्रत्येकानें गेल्या सुगीची घरची तूर शिल्लक असेल ती भरडून, गांवाचें नांव लिहिलेल्या पुडींत आणावयाची. सहा पातेलीं, नुसतें मीठ, हिंगहि नाहीं. कोणती डाळ कोणत्या गांवची हें जेवण होईपर्यंत सांगावयाचें नाहीं. आमची अकरा पोतीं गेलीं. पण बियाण्यासाठीं राखलेल्या मडक्यांतून शेरभर काढण्यास घरांतून मोठ्या मिनतवारीनें संमति मिळाली आहे.