नव्या इंजिनाची पहिली नेमणूक कुठे व्हावी?

वेगळ्या रचनेची इंजिने हा आपल्या कॅडेटांचा आवडता विषय आहे. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर चालणारे दोन पिस्टन, पिस्टनऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर, अशा रचनांची चलचित्रे पाहून मुले भौतिकशास्त्राच्या तासाला विचारतात, "सर, यात भाग कमी, वजन कमी आणि ताकद जास्त. मग सगळीकडे हेच इंजिन का वापरत नाहीत?" मोठ्या कंपन्या नवे काही येऊच देत नाहीत, हे त्याचे नेहमीचे उत्तर. मला ते पटत नाही. जगातील अनेक सैन्यांनी अशी इंजिने प्रत्यक्ष वापरली आहेत आणि त्यांत आपलेही सैन्य आहे. तो इतिहास पाहून माझे एक मत बनले आहे. अनोख्या इंजिनाला संधी जरूर द्यावी, पण त्याची पहिली नेमणूक ज्यात माणसे बसतात अशा युद्धयंत्रावर करू नये.

आपल्या विजयंत रणगाड्याचेच उदाहरण घेऊ. त्याचा मूळ आराखडा ब्रिटनच्या विकर्स कंपनीचा आणि भारतातले उत्पादन चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यातले. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तो आपल्या चिलखती दलात होता. त्याचे इंजिन होते लेलँड एल-६०. सिलिंडर सहा, पण पिस्टन बारा. प्रत्येक उभ्या सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरून आणि एक खालून येई, आणि दोघांच्या मधल्या जागेत इंधन जळे. या रचनेत सिलिंडर हेड नसते आणि व्हॉल्व्हही नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच झरोके असतात. एक पिस्टन सरकला की ताज्या हवेचा झरोका उघडतो आणि दुसरा सरकला की धुराचा. हेड नसल्यामुळे त्यातून वाया जाणारी उष्णता वाचते. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात शक्ती मिळते. कागदावर ही रचना फारच देखणी दिसते.

ब्रिटनने हेच इंजिन आपल्या चीफटन रणगाड्यासाठी निवडले. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांपैकी जे मिळेल त्यावर रणगाड्याचे इंजिन चालावे, असा त्या काळी नाटो देशांचा आग्रह होता. या कामासाठी समोरासमोर पिस्टनची रचना सोयीची वाटली. अडचणी आल्या त्या प्रत्यक्ष वापरात. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला उसंत नसते. त्यातही धुराच्या बाजूचा पिस्टन सतत तापलेला राहतो. पिस्टनच्या रिंगा प्रत्येक फेऱ्यात झरोक्यांच्या कडांवरून घासत जातात. एल-६० मध्ये सिलिंडर लायनरची सीले दगा देत आणि थंड करणारे पाणी गळे. चीफटन जवळपास ५५ टनांचा. त्याला सुमारे ७५० अश्वशक्ती हवी होती, पण सुरुवातीच्या इंजिनांतून ६०० सुद्धा मिळेना. सुधारणा होत राहिल्या, पण हवी ती शक्ती मिळेपर्यंत रणगाडा सेवेत येऊन दहा वर्षे उलटली होती. या दहा वर्षांत त्या इंजिनाची परीक्षा कोणी दिली? रणगाड्यात बसणाऱ्या जवानांनी आणि रात्री-अपरात्री इंजिन बाहेर काढणाऱ्या मेकॅनिकांनी. आपला विजयंत सुमारे ३९ टनांचा, वजनाने बराच हलका. त्यात हे इंजिन ५३५ अश्वशक्तीवरच ठेवले होते, म्हणून त्याच्यावरचा भार तुलनेने कमी होता.

आता साध्या इंजिनाकडे पाहा. विजयंतनंतर आपण टी-७२ घेतला आणि तोही आवडीला बनू लागला. आपण त्याला 'अजेय' म्हणतो. त्याचे इंजिन इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, बारा सिलिंडरचे, नेहमीच्या रचनेचे डिझेल इंजिन. त्याचा पूर्वज म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ चे ५०० अश्वशक्तीचे इंजिन. पुढे टी-७२ मध्ये त्याच घराण्याच्या इंजिनाने ७८० अश्वशक्ती दिली आणि टी-९० 'भीष्म' मध्ये १००० दिली. सिलिंडरांचे एकूण आकारमान तेव्हाही ३८.८ लिटर होते आणि आजही तेवढेच आहे. रचना तीच ठेवून शक्ती दुप्पट झाली, कारण त्यामागे कित्येक दशकांच्या दुरुस्त्या आहेत. नव्या रचनेशी तुलना करताना आपण हे विसरतो. जुन्या इंजिनाच्या खात्यात जमा असलेला अनुभव चलचित्रात दिसत नाही.

मग समोरासमोर पिस्टनची कल्पनाच चुकीची होती का? मुळीच नाही. अमेरिकेच्या फेअरबँक्स-मोर्स कंपनीची याच रचनेची इंजिने दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांवर उत्तम चालली. तिथे थंड करायला समुद्राचे पाणी होते, इंजिनाचा वेग बराचसा स्थिर असे आणि देखरेखीला माणसे शेजारीच उभी असत. रणगाड्यावरही ही रचना शेवटी रुळली. सोव्हिएत काळात खारकिव्हच्या अभियंत्यांनी टी-६४ साठी आडव्या सिलिंडरांचे असे इंजिन बनवले. सुरुवातीला त्यानेही खूप त्रास दिला. पण त्यांनी ते सोडले नाही. त्याच घराण्यातले सहा सिलिंडरचे इंजिन आज पाकिस्तानच्या टी-८०यूडी आणि अल-खालिद रणगाड्यांत आहे, आणि अल-खालिदमध्ये ते १२०० अश्वशक्ती देते. तेव्हा अशा इंजिनांना हसणाऱ्यांनी सीमेपलीकडे एकदा पाहावे. अमेरिकेच्या लष्करानेही याच रचनेचे, चार सिलिंडरचे १००० अश्वशक्तीचे इंजिन विकसित करण्याचे काम कमिन्स आणि अकेटीज या कंपन्यांकडे सोपवले.

कल्पना चांगली असते, पण ती पिकायला वर्षे लागतात, असा याचा अर्थ. यावर कोणीही विचारेल, की माणसांच्या यंत्रावर नवे इंजिन लावायचेच नाही, तर ते पिकणार कसे? याचे उत्तर आपल्याच देशात आहे. त्रिकोणी रोटरचे वांकेल इंजिन मोटारीत फारसे टिकले नाही. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये ते आरओ-८० या मोटारीत बसवले. रोटरच्या टोकांवरची सीले लवकर झिजली, इंजिने बदलून द्यावी लागली आणि कंपनी डबघाईला आली. जपानच्या माझदाने चिकाटी धरली आणि १९९१ मध्ये ल मां येथील २४ तासांची शर्यत याच इंजिनावर जिंकली, पण इंधन जास्त पिण्याची त्याची खोड गेली नाही. मात्र हे इंजिन हलके आहे आणि त्याला थरथर फार कमी. कॅमेरा घेऊन उडणाऱ्या मानवरहित विमानाला नेमके हेच हवे असते. आपल्या 'निशान्त' या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन तयार झाले. त्यात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. २००९ मध्ये कोलारजवळ निशान्त या इंजिनावर उडाले. पुढे निशान्तची काही विमाने कोसळली आणि त्याची सेवाही फार लांबली नाही. पण त्या अपघातांत एकाही वैमानिकाच्या घरी वाईट बातमी पोहोचवावी लागली नाही. माझा मुद्दा हाच आहे. जिथे चुकीची किंमत यंत्रापुरती राहते, तिथे नव्या रचनेला मोकळेपणाने चुकू द्यावे. तिथे ती राजस्थानच्या धुळीत आणि लडाखच्या थंडीत हजारो तास चालली, की मग ती रणगाड्यात यावी.

सध्या आपण रणगाड्यासाठी १५०० अश्वशक्तीचे देशी इंजिन बनवत आहोत. मार्च २०२४ मध्ये म्हैसूरच्या बीईएमएल कारखान्यात ते पहिल्यांदा चालवून पाहिले. अर्जुन रणगाड्याला अजून जर्मन इंजिन लागते, हे लक्षात घेतले तर ही केवढी मोठी पायरी आहे ते कळेल. आधी हे काम नेटाने पूर्ण होऊ द्यावे. त्याच वेळी ड्रोन आणि चालकाविना चालणाऱ्या छोट्या गाड्यांवर अनोख्या रचनांचे प्रयोग चालू ठेवावेत. एकाचा पैसा काढून दुसऱ्याला देऊ नये.

कॅडेटांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या चिलखती दलात जातील, काही ईएमईमध्ये, तर काही प्रयोगशाळांत. पुढच्या वेळी एखादे नवे इंजिन पाहाल तेव्हा ते किती शक्ती देते, एवढ्यावर थांबू नका. त्याचे सील कुठे आहे, उष्णता कुठून बाहेर जाते आणि उघड्या मैदानात ते बदलायला किती तास लागतात, हेही विचारा. पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरची मोटारसायकल उघडून बसली, तर हात काळे होतील म्हणून रागावू नका. हे प्रश्न कसे विचारायचे, ते तिथेच कळते.